सोनोमा कोस्टची वाइन: दोघांचा कारखाना, आणि "हात कमी लावायचा" म्हणजे नेमकं काय?

खारेवारे

"नॅचरल वाइन म्हणजे बिघडलेल्या वाइनला दिलेलं गोंडस नाव" असं इथे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं. (नॅचरल म्हणजे बाहेरून शक्य तितकं कमी घालून केलेली वाइन.) तिथे उत्तर टंकत बसले तर धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा.

मी मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत. सप्टेंबर आला की ओळखीच्या एका जोडप्याकडे हंगामात राबायला जाते. मोबदल्यात वाइन आणि दुपारचं जेवण. त्यांची नावं देत नाही, त्यांना इंटरनेटवर मिरवायची हौस नाही. वाइनरी म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या गोदामाचा भाड्याचा कोपरा. स्वतःची बाग नाही. किनाऱ्यालगतच्या डोंगरांवरच्या दोन-तीन बागायतदारांकडून ठरावीक ओळी वर्षाच्या कराराने घेतात. गोदामातलं काम त्याच्याकडे. बागेत फिरणं, चाखणं, तोडणीचा दिवस ठरवणं तिच्याकडे. शिवाय ती नोकरी करते, घराचा हप्ता त्यावर चालतो. वाइनचे पैसे पुढच्या वर्षीच्या द्राक्षांत आणि पिंपांत जातात.

द्राक्षं दोनच, रेड वाइनचं पिनो न्वार आणि व्हाइट वाइनचं शार्डोने. तोडणी पहाटे, डोक्याला दिवे लावून, कारण माल थंड यायला हवा. सकाळी गोदामात अर्ध्या-अर्ध्या टनाचे प्लास्टिकचे हौद उतरतात तेव्हा घड इतके गार असतात की निवडताना बोटं बधिर होतात. निवडायचं म्हणजे करड्या बुरशीचे मणी, सुकलेले, कच्चे राहिलेले आणि पानं काढायची. गांधीलमाशा भोवती असतातच. मग काही घड देठासकट, बाकी देठ काढून उघड्या टाक्यांत. विकतचं यीस्ट नाही, एन्झाइम नाही, आम्ल नाही, रंग नाही. तीन-चार दिवस काहीच होत नाही. मग एका सकाळी कान लावला की बारीक चुरचुर ऐकू येते.

त्यानंतर दिवसातून दोनदा वर आलेला सालांचा थर खाली दाबायचा. लांब दांड्याचा धोपटणा घेऊन टाकीवरच्या फळीवर उभं राहायचं. वरचा थर हाताला चांगलाच गरम लागतो, वीतभर खाली रस त्या मानाने गार. वाकून वास घ्यायला गेलं की कार्बन डायऑक्साइडचा झणका नाकात जातो. बंद गोदामात हे गमतीचं नाही, दारं सताड उघडी ठेवावी लागतात.

मग पिळणं, आणि वापरून जुन्या झालेल्या ओकच्या पिंपांत वर्षभर मुक्काम. पिंप २२५ लिटरच्या आसपास, म्हणजे साधारण ३०० बाटल्या. नवं फ्रेंच पिंप हजार डॉलरच्या वर जातं, त्यामुळे जुनी पिंपं ही निम्मी आवड आणि निम्मी काटकसर. शेवटी गाळणी न लावता बाटलीत.

हे सगळं ऐकून "अरे, हे तर काहीच करत नाहीत" असं वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, पण ते प्रतिसादांत लिहीन. आधी प्रश्न येऊ द्या.

---

लवंगी मिरची

मस्त! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. कॅलिफोर्निया म्हटलं की डोळ्यासमोर ऊन येतं, त्यात "थंड किनारा" कुठून आला?

---

खारेवारे

@लवंगी मिरची, समुद्रामुळे. उन्हाळ्यात इथे वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. तो आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात आणि त्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. भर जुलैत इथल्या समुद्राचं तापमान १० ते १३ अंशांच्या आसपास असतं. पाय घातला तर कळ येते. या पाण्यावर धुकं धरतं. दुपारी आतलं खोरं तापलं की तिथली हवा वर जाते आणि हे धुकं डोंगरांतल्या फटींतून आत ओढलं जातं. पेटलुमाजवळ अशी मोठी फट आहे. तिथल्या वाऱ्यामुळे तो भाग २०१७ च्या शेवटी स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून मान्य झाला.

नकाशाची गंमत म्हणजे "सोनोमा कोस्ट" हे अधिकृत नाव १९८७ चं, आणि त्यात जवळजवळ ५ लाख एकर कोंबले आहेत. त्यातला बराचसा भाग आतला, उबदार. खऱ्या किनाऱ्यावरचे लोक वर्षानुवर्षं भांडले. २०१२ पासून फोर्ट रॉस-सीव्ह्यू वेगळं झालं आणि २०२२ मध्ये वेस्ट सोनोमा कोस्ट. फोर्ट रॉस म्हणजे १८१२ मध्ये रशियनांनी वसवलेलं ठाणं. तिथल्या बागा साधारण ९२० फुटांच्या वर, म्हणजे धुक्याच्या डोक्यावर. ऊन मिळतं, पण हवा गारच. खाली फ्रीस्टोन, ऑक्सिडेंटलकडे धुक्यात बुडालेल्या बागा. एकाच किनाऱ्यावर दोन वेगळे स्वभाव.

---

शंकेखोर

ते "गोंडस नाव"वालं वाक्य माझंच होतं आणि मी त्यावर ठाम आहे. :) पुण्यात एका ठिकाणी "नॅचरल" म्हणून दिलेल्या वाइनला तबेल्याचा वास येत होता. वाढणारा म्हणाला, हेच तर कॅरेक्टर. कॅरेक्टरच्या नावाखाली काहीही खपवायचं, आणि किंमत दुप्पट. विज्ञानाने इतकी सोय करून दिली असताना यीस्ट न घालण्यात कसलं शौर्य? हलके घ्या, पण उत्तर द्या.

---

बागायतदार निफाड

नमस्कार ताई. आमची तीन पिढ्यांची बाग आहे. आधी सगळी टेबलची, म्हणजे खायच्या द्राक्षांची होती, आता थोडं क्षेत्र वाइनच्या वाणांचं, कराराने.

तुमचं वाचून पहिला प्रश्न, भुरीचं, म्हणजे वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीचं काय करतात? धुकं म्हणजे आमच्या अंगावर काटा. डिसेंबरात दोन दिवस ढगाळ झालं की पंप पाठीवर. आणि एकरी किती माल निघतो?

दुसरं म्हणजे त्यांच्याकडे झाड झोपतं. आपल्याकडे झाडाला झोपच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, डोळे फुटायला पेस्ट. वर्षातून दोनदा आपण त्याला हलवून उठवतो. मग "कमी हस्तक्षेप" हा शब्द आपल्या बागेत बसतो कुठे?

---

खारेवारे

@बागायतदार निफाड, दादा, भुरी इथेही शत्रू नंबर एक. गंधक मारतातच, सेंद्रिय बागेतही गंधक चालतं. पण डावणीचा, म्हणजे पावसाळी ओलीत येणाऱ्या दुसऱ्या बुरशीचा त्रास नाही म्हणा ना, कारण उन्हाळ्यात पाऊसच नसतो. मे-जूनमध्ये फुलोऱ्यात थंडी-वारा आला तर मणीगळ होते, तेव्हा घड विरळ राहतात. एकरी माल दोन टनांच्या आसपास, वाईट वर्षी एकच. हसू नका!

आणि मी जे उलटं म्हणत होते ते हेच. हात कमी लावतात ते गोदामात. बागेत हात दुप्पट लागतो. घडाच्या सकाळच्या उन्हाच्या बाजूची पानं हाताने काढायची म्हणजे हवा खेळते आणि बुरशी बसत नाही. दुसऱ्या बाजूची ठेवायची, नाहीतर साल भाजते. मण्यात पाणी उतरताना मागे राहिलेले घड छाटून जमिनीवर टाकायचे. विकत घेतलेला माल असा टाकताना जोडप्यातल्या तिचा जीव तुटतो. शेवटचे दोन आठवडे ती दर दोन दिवसांनी डोंगर चढते, पिशवीत शंभरेक मणी गोळा करून आणते आणि गोडी, आम्ल, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट) मोजून वहीत लिहिते. तोडणीचा दिवस चुकला तर पुढे काहीही न घालता वाइन करण्याचा बेत तिथेच संपतो.

@शंकेखोर, तबेल्याच्या वासाला ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट कारण असतं. पिंपात घर करतं. तो दोषच, त्याला कॅरेक्टर म्हणणाऱ्याच्या बाजूने मी उभी राहणार नाही. आमच्या गोदामात तुम्ही आलात तर तुमच्या हातात आधी ब्रश देतील. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ घासण्या-धुण्यात जातो. पिंपं गरम पाण्याने आणि वाफेने, हौद, नळ्या, दाबयंत्राच्या फटी. बाहेरून जे रोमँटिक दिसतं ते आतून भांडी घासणं आहे.

---

प्रयोगशाळा

अन्नतंत्रज्ञान हा पेशा असल्यामुळे राहवत नाही.

"विकतचं यीस्ट नाही" म्हणजे यीस्ट नाही असं नव्हे. सुरुवात सालांवरची हॅन्सेनियास्पोरासारखी कमकुवत यीस्टं करतात. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेलं की ती ढेपाळतात आणि सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसिए ताबा घेतं. ते बऱ्याचदा बागेपेक्षा गोदामाच्या भिंतींत आणि अवजारांवरच जास्त असतं. पहिल्या टप्प्यात गडबड झाली तर व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास.

आता मुख्य मुद्दा, पीएच. आंबटपणा वाइनसाठी लोणच्यातल्या मिठाचं काम करतो, तो कमी पडला की भलतेच जंतू मजा मारतात. जंतू रोखायला वाइनमध्ये घालतात त्या सल्फर डायऑक्साइडचा जो रेणू उपयोगी पडतो तो पीएच वाढला की झपाट्याने कमी होतो. तोच परिणाम मिळवायला पीएच ३.३ ला लिटरमागे सुमारे २६ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो, ३.८ ला सुमारे ८० लागतो. तिप्पट!

गार हवेत मण्यातलं मॅलिक आम्ल सावकाश जळतं, पीएच खाली राहतो. म्हणजे खारेवारे यांच्या मित्रांना केएमएस (सल्फर डायऑक्साइड देणारी पूड) कमी घालण्याची मुभा त्या १२ अंशांच्या समुद्राने दिली आहे. तत्त्वज्ञान नंतर.

---

खारेवारे

@प्रयोगशाळा, +१००. माझा अख्खा प्रतिसाद तुम्हीच लिहिलात. तेही सल्फर डायऑक्साइड शून्य करत नाहीत. हिवाळा ते वसंतात जंतूंमुळे मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल झालं की एकदा थोडं, बाटलीत भरताना थोडं. शून्याचा हट्ट धरणाऱ्यांशी गोदाम सांभाळणाऱ्या त्याचं अजिबात पटत नाही. फ्रान्समध्ये २०२० पासून "वँ मेतोद नात्यूर" नावाची सनद आहे, तीसुद्धा लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत मुभा देते.

या पद्धतीने काम करणारं नामवंत जोडपं हवं असेल तर टेड आणि हायडी लेमन, सेबास्टोपोलजवळची लिटोराय, १९९३ पासून. टेड लेमन तरुणपणी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, मेर्सो गावच्या गी रूलो घराण्यात वाइनमेकर होता. तिथल्या घराण्याने हे काम सोपवलेला पहिला अमेरिकन. त्याने फ्रान्सहून परतून उबदार नापा सोडून या किनाऱ्याची आणि उत्तरेच्या अँडरसन व्हॅलीची द्राक्षं का धरली, याचं उत्तर वरच्या २६ आणि ८० च्या आकड्यांत आहे असं मला वाटतं. बायोडायनॅमिक शेती करतात, त्यातलं शिंगात शेण भरून पुरण्याचं शास्त्र मला झेपत नाही. पण बागेतली माती मुठीत धरली की भुसभुशीत लागते, हेही खरं.

---

वसईवाला

आमच्याकडे नाताळची वाइन घरोघरी व्हायची. काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, यीस्ट, चिनी मातीची बरणी, वर फडकं, आणि २१ दिवस रोज लाकडी चमच्याने हलवायची. आई बरणीच्या जवळ कुणाला फिरकू द्यायची नाही. गोड, जड, आणि डोकं धरणारी. तुमच्या हिशोबात ही "जास्त हस्तक्षेपा"ची म्हणायची का? :)

अवांतर: अमेरिकेत घरी करायला परवानगी लागते का?

---

खारेवारे

@वसईवाला, साखर घातली की जास्तच! पण ती बरणी मला हवी आहे. इथे घरी पिण्यापुरती करायला परवाना लागत नाही. केंद्राचा नियम घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय गाळणं-आंबवणं त्यात येतं, तेव्हा कुणी हा धागा वाचून गच्चीवर टाकी मांडू नका.

---

सोलकढी

आम्ही रत्नागिरीचे. किनारा आमच्याकडेही आहे आणि डोंगरही! कोकणात होईल का अशी वाइन? माझा भाचा भयंकर उत्साहात आहे, कातळावर द्राक्षं लावायची म्हणतो.

---

बागायतदार निफाड

भाच्याला आमच्याकडे पाठवा, महिनाभर डावणीची फवारणी करू द्या. उत्साह उतरेल.

---

प्रयोगशाळा

@सोलकढी, किनारा थंड असायला समुद्र थंड लागतो. अरबी समुद्र तुमच्याकडे वर्षभर साधारण २६ ते ३० अंश. रात्रीही गारवा नाही, हवेत कायम ओल, आणि वर पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. करपा आणि डावणीला याहून चांगलं घर नाही. तुमच्याकडे काजूबोंड आहे ना, गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या रसाचं आंबवणही पारंपरिक रीतीने बाहेरचं यीस्ट न घालता होतं. भाच्याचा उत्साह तिकडे वळवा.

---

सोलकढी

बोंडाचा वास सहन होत नाही म्हणून तर तो द्राक्षांकडे गेलाय. :(

---

शंकेखोर

प्रयोगशाळाबाईंचा पीएचचा मुद्दा मान्य. आता तबेला बाजूला ठेवतो. पण "सल्फाइट (म्हणजे तेच सल्फर डायऑक्साइड) नाही म्हणून डोकं दुखत नाही" हा प्रचार तरी खोटा ना?

---

प्रयोगशाळा

बहुतांशी खोटा. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा खरंच त्रास होतो, ते वेगळं. पण तासगावचा पिवळाधमक बेदाणा गंधकाच्या धुरीने पिवळा राहतो, त्यात वाइनपेक्षा कितीतरी जास्त सल्फाइट असतं. तो मूठभर खाऊन कुणी डोकं धरून बसत नाही. शिवाय यीस्ट स्वतःसुद्धा थोडं सल्फर डायऑक्साइड तयार करतं, त्यामुळे अगदी शून्याची वाइन दुर्मीळच. अमेरिकेत १० पीपीएम (लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम) किंवा त्याहून जास्त असलं की लेबलवर लिहावं लागतं. रेड वाइनच्या डोकेदुखीबद्दल २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या लोकांनी सालातल्या क्वेर्सेटिनकडे बोट दाखवलं. शरीरात त्याचं जे रूप होतं ते अल्कोहोल पचवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, असं त्यांना प्रयोगशाळेत दिसलं. माणसांवरची परीक्षा तेव्हा बाकी होती. आणि पाणी न पिता तीन ग्लास रिचवले तर संशोधन लागत नाही.

(बाई नाही, बुवा आहे. चालू द्या.)

---

लवंगी मिरची

ठ्ठो!

खारेवारे, २०२० च्या वणव्यात काय झालं त्यांचं? तेव्हा बातम्यांत सगळं आकाश नारिंगी दिसत होतं.

---

खारेवारे

ऑगस्टच्या मध्यावर कोरड्या विजा पडल्या आणि रशियन नदीच्या उत्तरेला वॉलब्रिजचा वणवा पेटला. बागा जळल्या नाहीत तरी धुराचे रेणू सालातून आत शिरतात आणि साखरेला चिकटून बसतात. मणी खाल्ला तर कळत नाही. आंबवताना आणि पुढे बाटलीत ते सुटतात, आणि वाइनला विझलेल्या चुलीतल्या राखेची चव येते. रेड वाइन सालासकट आंबते, म्हणून धोका तिथे जास्त. कोळसा वापरून किंवा विशिष्ट गाळण्या लावून थोडं काढता येतं, पण मग हात न लावण्याच्या गोष्टी कशाला करायच्या? परिसरातल्या बऱ्याच जणांनी त्या वर्षी पिनो केलीच नाही. या दोघांनीही नाही, फक्त शार्डोने केली, सालं बाजूला काढून. करार केलेल्या बागायतदाराला काय द्यायचं यावरून त्या घरात झालेलं भांडण मी ऐकलंय. ती म्हणाली अर्धे तरी द्यायचेच, त्याच्याही घरी चूल आहे. दिले.

यंत्रं, रसायनं वापरणाऱ्या मोठ्या कारखान्याला वाईट वर्ष पचवता येतं. हजार खोक्यांच्या आतबाहेर वाइन करणाऱ्याकडे चांगला माल किंवा रिकामी पिंपं, असे दोनच पर्याय उरतात.

---

बागायतदार निफाड

ताई, हे वाचून आमचा प्रकार सांगतो. कारखान्याचं नाव घेत नाही. आमची शिनँ ब्लां (व्हाइट वाइनचं द्राक्ष) फेब्रुवारीच्या सुरुवातीला तयार होती. कारखान्याच्या माणसाने ब्रिक्स (रसाच्या गोडीचं माप) मोजलं, म्हणाला थांबा, टाक्या रिकाम्या नाहीत. दोन आठवडे माल वेलीवर. तेवढ्यात ऊन चढलं. गोडी वाढली, आम्ल गेलं. मग म्हणे, आता टार्टरिक आम्ल घालावं लागेल, दर थोडा कमी करा. आमचा काय दोष?

आणि थंडी आपल्याकडेही आहे. निफाडचा पारा जानेवारीत पाच-सहाच्या खाली गेलेला पेपरात वाचता ना? तेव्हा टेबलच्या द्राक्षाला तडे जातात म्हणून आम्ही बागेत शेकोट्या करतो. वाइनच्या वाणाला त्या थंडीचा फायदा घेता येईल का? फळछाटणी पंधरा दिवस अलीकडे घेतली, सप्टेंबरात, तर माल जानेवारीच्या थंडीत पिकेल.

---

प्रयोगशाळा

विचार बरोबर आहे. रात्र गार असली की श्वसनात आम्ल कमी जळतं. पण सप्टेंबरची छाटणी म्हणजे परतीचा पाऊस नेमका फुटव्यावर आणि फुलोऱ्यावर, डावणीचा खर्च वाढणार. सगळी बाग नको. आधी थोड्या ओळी.

---

खारेवारे

@बागायतदार निफाड, दादा, नुसतं ब्रिक्स मोजून तारीख ठरवणं हीच मला आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण वाटते. २००१ च्या धोरणानंतर विंचूरला वाइन पार्क आलं, कारखाने आले. पण कधी तोडायचं हे अजूनही टाकी ठरवते, द्राक्ष नाही. पीएच मीटर तुमच्या स्वतःच्या खिशात असू द्या. १८ ब्रिक्सपासून दर दोन दिवसांनी मोजा. मणी एका घडाचे नकोत, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, वरून-खालून-मधून, मांडवाच्या आतल्या सावलीतलेसुद्धा. हाताने कुस्करा, मिक्सर नको, बिया फुटल्या तर आकडा फसवतो. मीटर दर वेळी ४ आणि ७ च्या द्रावणाने जुळवून घ्या. हे लोक याबाबतीत इतके कडक आहेत की तारीख न लिहिलेलं द्रावण फेकून देतात. शिनँला पीएच ३.३ च्या पुढे सरकायला लागला की कारखान्याला लेखी कळवा, आकड्यांसकट. पुढच्या वेळी दर पाडताना तुमच्याकडे वही असेल.

आणि एखाद्या छोट्या वाइनरीशी बोलून पाहा, तुमच्या चार ओळी वेगळ्या आंबवायला तयार आहेत का. केएमएस कमी घालू देत, पण शून्य करा म्हणून मागे लागू नका. निफाड म्हणजे फ्रीस्टोन नव्हे.

---

शंकेखोर

बरं, या दोघांची बाटली केवढ्याला पडते? आणि पुण्यात मिळेल का?

---

खारेवारे

पन्नास-साठ डॉलर, आणि नाही. बहुतेक माल टपालयादीवरच्या लोकांना थेट जातो, थोडा सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलांत. मध्यस्थाला निम्मे द्यायला लागले तर दोघांना परवडत नाही. इकडे आलात तर व्यक्तिगत निरोप करा. सप्टेंबरात या, ब्रश तयार ठेवते.

---

बागायतदार निफाड

मीटर मागवला. द्रावणाच्या बाटल्या वेगळ्या घ्याव्या लागतात हे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं, बरं झालं विचारलं. ताई, कुस्करलेला रस लगेच मोजायचा की थोडा वेळ निवू द्यायचा?

---

खारेवारे

गाळून घ्या, फेस बसू द्या, आणि रस खोलीच्या तापमानाला आला की मोजा. पहाटेचा गार रस आणि दुपारचा तापलेला रस यांचे आकडे एकाच वहीत शेजारी लिहू नका.